शाल राहू द्या, आधी नावं लिहा

बारामतीहून इंदापूरकडे जाताना कुठल्याही चौकात थांबा आणि वरचे फ्लेक्स वाचा. ‘भव्य क्रीडा महोत्सव’, ‘माजी खेळाडूंचा सन्मान सोहळा’, ‘क्रीडारत्न गौरव’. सगळ्यात मोठा फोटो प्रमुख पाहुण्यांचा. त्याखालोखाल अध्यक्ष, उद्घाटक, निमंत्रक, स्वागतोत्सुक. ज्यांचा सन्मान आहे ते खेळाडू तळाला, एका ओळीत, पासपोर्ट साइझमध्ये. कधी तेवढेही नसतात. ‘गुणवंत खेळाडू व मार्गदर्शक’ असं लिहून सगळ्यांना एका झटक्यात उरकलेलं असतं.

कार्यक्रमपत्रिकाही त्याच मापाची. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचा सत्कार, पाहुण्यांचं मनोगत, अध्यक्षीय समारोप. खेळाडूंचा सत्कार मधेच कुठेतरी, ‘वेळेअभावी’ एका दमात. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, फोटो, पुढचं नाव. वीस वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या संघातून खेळलेल्या माणसाला माइक मिळत नाही. त्याला घडवणारे सर शेवटच्या रांगेच्या मागे उभे, कारण खुर्च्या कमी पडल्या.

विद्यापीठानं आणि महाविद्यालयांनी माजी खेळाडूंचा, मार्गदर्शकांचा सन्मान करू नये असं मी म्हणत नाही. करायलाच हवा. पण सन्मानाचा पाया नोंद हा आहे. कोण खेळलं, कधी खेळलं, कुणाच्या हाताखाली तयार झालं, हे लिहून ठेवलेलं नसेल, तर ती शाल म्हणजे पाहुण्यांच्या फोटोसाठी केलेला खर्च.

फोन हातात आहेच, तर एक करून पाहा. तुमच्या कॉलेजच्या वेबसाइटवर जा. संस्थापकांचा फोटो मिळेल, कार्यकारिणी मिळेल, नॅकची ग्रेड मिळेल. आता शोधा : १९९५ साली या कॉलेजमधून विद्यापीठाच्या कबड्डी संघात कोण होतं? सापडलं तर तुमचं कॉलेज भाग्यवान. नाही सापडलं तर एकदा प्राचार्यांच्या केबिनमध्ये डोकावा. भिंतीवर लाकडी फलक असतो. आजवरचे प्राचार्य, प्रत्येकाच्या नावापुढे ‘पासून’ आणि ‘पर्यंत’. म्हणजे नोंद ठेवायची पद्धत आपल्याला चांगली माहीत आहे. कुणाची ठेवायची, हे मात्र आपण खुर्ची बघून ठरवतो.

आपल्याकडच्या गावजत्रेला हे कळतं. जत्रेतलं कुस्तीचं मैदान आठवा. पैलवान आखाड्यात उतरला की निवेदक काय सांगतो? पैलवानाचं नाव, त्याचं गाव, त्याची तालीम आणि ‘अमुक वस्तादांचा पठ्ठा’. वस्तादाचं नाव घेतल्याशिवाय पठ्ठ्याची ओळख पुरी होत नाही. त्या निवेदकाकडे ना कार्यालय, ना क्लार्क, ना वेबसाइट. तरी त्याला कोण कुणाच्या हाताखाली घडलं हे तोंडपाठ असतं. तुकोबांची पालखी याच बारामती-इंदापूरच्या वाटेनं जाते, बेलवाडीला आणि इंदापूरला रिंगण होतं. तिथेही रथापुढे कोणती दिंडी, रथामागे कोणती, हा मानाचा क्रम पिढ्यान् पिढ्या ठरलेला आहे. यंदा कुणाची सत्ता आली म्हणून तो बदलत नाही. मान कसा राखावा हे या मातीला शिकवायची गरज नाही. कॉलेजच्या मांडवात शिरलो की मात्र आपण ते विसरतो.

आता कॉलेजचा खेळाडू तिथवर कसा पोचतो ते पाहा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा पसारा पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांत. बारामती-इंदापूरचं पोर आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळणार, मग आपल्या विभागाच्या संघात, मग आंतरविभागीय, त्यातून निवड झाली तर विद्यापीठाच्या संघात, मग पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ, मग अखिल भारतीय. प्रत्येक पायरीला गाळणी. घरी ऊस नाहीतर दुधाचा धंदा, पहाटे धारा काढून मैदानावर, मग एसटी. शहरातल्या पोराला सराव संपल्यावर अर्ध्या तासात घर गाठता येतं. इंदापूरच्या पोराला पुण्यातल्या निवड चाचणीसाठी सव्वाशे-दीडशे किलोमीटर यावं लागतं. एवढं करून ज्याला विद्यापीठाचा कलर मिळतो, ज्याच्या अंगावर तो ब्लेझर चढतो, त्यानं काहीतरी मिळवलेलं असतं. पदवीचं प्रमाणपत्र हरवलं तर विद्यापीठ दुसरं देतं, कारण रजिस्टरमध्ये नाव असतं. ब्लेझरला कसर लागली तर काय उरतं?

‘मोठे झाले की जग आपोआप दखल घेतं’ असं कुणी म्हणेल. खाशाबा जाधवांचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण ते नीट पाहायला हवं. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते सहावे आले. १९५२च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कऱ्हाड ते गोळेश्वर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवून पैसे जमवले आणि प्राचार्यांचं घर सोडवलं.

इथपर्यंत सन्मान कुणी केला? एका प्राचार्यानं, बैलगाडीवाल्या गावकऱ्यांनी आणि खुद्द खेळाडूनं. पुढे खाशाबा पोलीस खात्यात गेले, पेन्शनसाठी झगडले, १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. आज पुणे विद्यापीठात त्यांच्या नावाचं क्रीडा संकुल आहे, त्यांचा जन्मदिवस १५ जानेवारी हा राज्याचा क्रीडा दिन आहे. दोन्ही गोष्टी चांगल्याच झाल्या. पण ज्याच्या हयातीत आपण त्याला हेलपाटे घालायला लावले, त्याचं नाव इमारतीला देणं फार सोपं असतं. इमारत पेन्शन मागत नाही.

मुरलीकांत पेटकरांची गोष्ट तर अगदी ताजी. १९६५च्या युद्धात गोळ्या झेललेला सैनिक, १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्णपदक. पद्मश्री २०१८ साली. त्यांच्यावरचा ‘चंदू चॅम्पियन’ हा सिनेमा जून २०२४मध्ये आला आणि अर्जुन जीवनगौरव जानेवारी २०२५मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. ऑलिम्पिक, पॅरालिम्पिकच्या पदकवाल्यांची ही गत, तर विद्यापीठाच्या संघातून तीन वर्षं खेळून गावी परतलेल्याला कोण ओळखणार?

यातली सगळ्यात अपमानाची गोष्ट म्हणजे अर्ज. शिवछत्रपती पुरस्कारासाठी वर्तमानपत्रात निवेदन येतं, ‘अर्ज मागवण्यात येत आहेत’. खेळाडूनं आपली प्रमाणपत्रं गोळा करायची, साक्षांकित करायची, आपण थोर आहोत असं आपणच लिहून द्यायचं आणि वाट पाहायची. ती वाटही किती? २०१९-२०, २०२०-२१ आणि २०२१-२२ या तीन वर्षांचे पुरस्कार एकत्र वाटले गेले ते ऑगस्ट २०२३मध्ये. सरकारला लाभार्थी शोधताना अर्ज लागतो, हे समजू शकतं. सन्मान हा काही अनुदानाचा हप्ता नव्हे. विद्यापीठानं तरी या वाटेनं जाऊ नये. ज्याच्या छातीवर विद्यापीठाचं नाव होतं, त्याला ‘तू आमच्याकडून खेळल्याचा पुरावा आण’ असं विद्यापीठच सांगणार असेल, तर लाज कुणाला वाटायला हवी?

मुलींच्या बाबतीत हे दुप्पट खरं. कबड्डी, खो-खो, अ‍ॅथलेटिक्स या खेळांत आपल्या भागातल्या मुलींनी कॉलेजांना ढाली मिळवून दिल्या. पदवी झाली, लग्न झालं, गाव बदललं, आडनाव बदललं. जुन्या स्कोअरशीटवरची अमुक शिंदे आज कुठल्या गावात कुठल्या आडनावानं राहते, हे संघातल्या मैत्रिणींना माहीत असतं, कॉलेजला नसतं. सत्काराच्या यादीत पुरुषच जास्त दिसतात, त्याचं एक कारण हेही. मुली कमी खेळल्या असं नाही. आपण त्यांचा माग ठेवला नाही.

आणि मार्गदर्शक? त्यांच्यात तर उघड उतरंड आहे. कायम नोकरीतले शारीरिक शिक्षण संचालक निवृत्तीच्या दिवशी निदान एक निरोप समारंभ पाहतात. तासिका तत्त्वावर राबणाऱ्यांना तोही नाही. आणि ज्यांचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नाही, असे गावोगावचे वस्ताद, कबड्डी मंडळांचे दादा, स्वतःच्या पैशानं चुना आणून मैदान आखणारे? कॉलेजला तयार खेळाडू मिळतो तो त्यांच्याकडून. ढाल जिंकली की फोटोत कॉलेज असतं. विद्यापीठ गुण मोजण्यात मागे नसतंच, कारण देशपातळीवरचा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक विद्यापीठाला मिळतो. म्हणजे पदकांची बेरीज विद्यापीठाच्या खात्यावर, आणि ते पदक घडवणाऱ्याचं नाव कुणाच्याच खात्यावर नाही.

हे सगळं बारामती-इंदापूरबद्दल लिहिताना जास्त बोचतं. खेळातली सत्ता म्हणजे काय, हे या पट्ट्याइतकं कुणी पाहिलेलं नाही. शरद पवार बीसीसीआयचे आणि आयसीसीचे अध्यक्ष झाले, राज्य कुस्तीगीर परिषदेचंही अध्यक्षपद दीर्घकाळ त्यांच्याकडे होतं. राज्य ऑलिम्पिक संघटनेचं अध्यक्षपद अजित पवारांनी अनेक वर्षं सांभाळलं. इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे डिसेंबर २०२४ ते जुलै २०२५ राज्याचे क्रीडामंत्री होते. यानं काहीच झालं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. बारामतीत आज स्टेडियम आहे, ते आपोआप उगवलेलं नाही. पण स्टेडियमला निधी लागतो, वजन लागतं. नावांच्या यादीला एक वही लागते. वजन खर्चून जे मिळवायचं ते मिळवलं, आणि वहीचं काम मात्र राहून गेलं.

‘इतक्या जणांची नोंद ठेवायची म्हणजे काय खाऊ आहे का?’ आहे. एका कॉलेजातून वर्षाला विद्यापीठाच्या संघात किती जातात? बहुतेक ठिकाणी दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील. परीक्षा विभाग लाखो उत्तरपत्रिकांचा हिशेब ठेवतो, त्यापुढे हे काहीच नाही. ‘पाहुणे नसतील तर देणगी येत नाही’ हा दुसरा मुद्दा. मग पाहुण्यांचा वेगळा कार्यक्रम करा, मनसोक्त करा. खेळाडूंच्या नावानं जमवलेली गर्दी त्यांच्यासमोर बसवू नका, एवढंच.

करता येण्याजोगं बरंच आहे. प्रत्येक कॉलेजनं आपल्या विद्यापीठपातळीच्या खेळाडूंचा फलक लावावा. वर्ष, खेळ, नाव, गाव आणि शेवटच्या रकान्यात मार्गदर्शकाचं नाव. मुलींचं नाव खेळताना होतं तेच. हीच यादी विद्यापीठाच्या वेबसाइटवर असावी. ऑक्सफर्ड-केंब्रिजचा ‘ब्लू’ जन्मभर ब्लू असतो, अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये प्रशिक्षकांचीही नावं लागतात. आपल्याला काही आकाशातून आणायचं नाही. सन्मानासाठी अर्ज बंद करावा, नावं जुन्या सहकाऱ्यांनी आणि शिष्यांनी सुचवावीत. सत्काराच्या दिवशी बोलायचं ते सत्कारमूर्तींनी, पाहुण्यांनी समोर बसून ऐकायचं.

सन्मानाला काम जोडलेलं असावं. निवड समितीवर माजी खेळाडू, सराव शिबिरात मानधनावर गावचा वस्ताद, आणि विद्यापीठाकडून खेळताना ज्याचा गुडघा गेला त्याच्या उपचाराची जबाबदारी. १० फेब्रुवारीला विद्यापीठ आपल्या वर्धापनदिनी जीवनसाधना गौरव देतं. तसा एक दिवस, १५ जानेवारी, खेळाडूंचा आणि वस्तादांचा ठेवावा. तोही दर वर्षी पुण्यात नको. एखाद्या वर्षी बारामतीला, एखाद्या वर्षी इंदापूरला, मैदानावर.

हे सगळं होईपर्यंत तुम्ही थांबायची गरज नाही. तुमच्या कॉलेजचे निवृत्त क्रीडाशिक्षक बहुधा अजून हयात आहेत, आणि त्यांना सगळी नावं पाठ आहेत. एका रविवारी त्यांच्या घरी जा. फोनचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि विचारा, ‘सर, पहिल्या वर्षापासून सांगा.’ ती यादी लिहून काढा, संघातल्या जुन्या लोकांकडून तपासून घ्या, ज्यांची परवानगी आहे त्यांची नावं प्रिंट करा आणि प्राचार्यांच्या टेबलावर ठेवा. पुढच्या सोहळ्याचा फ्लेक्स छापायला जाईल, तेव्हा तळाच्या ओळीत ‘गुणवंत खेळाडू’ लिहिण्याची सबब कुणाकडेच उरू नये.