वास्तू वाचली, आवाराचे काय?

पुण्यातील वनाज ते रामवाडी या मेट्रोमार्गावर येरवडा स्थानक सोडल्यावर गाडी एक मोठे वळण घेते. नगर रस्ता सरळ पुढे जात असताना मेट्रो मात्र कल्याणीनगरात शिरते आणि रामवाडीपाशी पुन्हा त्याच रस्त्याला येऊन मिळते. हे वळण कोणा अभियंत्याच्या लहरीचे फलित नाही. 1892 साली बांधलेल्या एका बंगल्याने ते घ्यायला लावले आहे. तो बंगला म्हणजे आगाखान पॅलेस.

मूळ आराखड्यात ही मार्गिका नगर रस्त्यानेच, पॅलेसच्या दर्शनी बाजूवरून जाणार होती. परंतु ही वास्तू 2003 मध्ये राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून घोषित झाली होती. 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्यात 2010 साली झालेल्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध असते आणि त्यापुढील 200 मीटरचे क्षेत्र नियंत्रित असते. सार्वजनिक प्रकल्पालाही त्यातून सूट नाही. अखेर मार्ग बदलला. त्यावर कल्याणीनगरातून आक्षेप आले, मुळा-मुठेच्या काठावरील पक्ष्यांच्या अधिवासाचा प्रश्न पुढे आला. तरीही बदललेल्या मार्गानेच मेट्रो 6 मार्च 2024 रोजी रामवाडीपर्यंत पोहोचली.

एका जुन्या बंगल्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला. तो उडवून लावण्याजोगा नाही. ताजमहालाचे किंवा वेरूळच्या लेण्यांचे मोल कोणाला पटवून द्यावे लागत नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळात गावाबाहेर, ऐसपैस आवारात उभारलेल्या धनिकांच्या निवासस्थानांबाबत मात्र ते पटवून द्यावे लागते. ती फार प्राचीन नसतात, त्यांची शैली मिश्र असते आणि परकी सत्तेच्या छायेत त्यांचे वैभव वाढलेले असते.

आगाखान पॅलेस याच जातकुळीतला. तिसरे आगाखान सुलतान मुहम्मद शाह यांच्या नावे तो बांधला गेला, तेव्हा त्यांनी वयाची पंधरा वर्षेही जेमतेम गाठली होती. दुष्काळाने पिचलेल्या आसपासच्या लोकांना काम मिळावे, हा त्यामागचा हेतू होता असे सांगितले जाते. इटालियन धर्तीच्या कमानी, सभोवार फिरणारे व्हरांडे, वरवर आटोपशीर होत गेलेले मजले आणि पुढे पसरलेली हिरवळ, अशी त्याची मांडणी आहे. मात्र त्याला राष्ट्रीय महत्त्व मिळाले ते कमानींमुळे नव्हे. ऑगस्ट 1942 मध्ये महात्मा गांधींना येथे स्थानबद्ध करण्यात आले. 15 ऑगस्ट 1942 रोजी महादेवभाई देसाई आणि 22 फेब्रुवारी 1944 रोजी कस्तुरबा यांनी येथेच देह ठेवला. 1969 मध्ये चौथ्या आगाखानांनी ही वास्तू गांधीजींच्या स्मारकासाठी दान केली. आवारातील समाधिस्थळाची रचना चार्ल्स कोरिया यांची आहे, ज्यांच्या पणजीतील कला अकादमीच्या नूतनीकरणावरून गोव्यात एवढे वादंग माजले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. कायद्याने या वास्तूला जवळ केले ते स्मृतीसाठी. पण त्यामुळे वाचला तो तिचा मोकळा परिसर. गावाबाहेरच्या बंगल्याचे सौंदर्य केवळ भिंतींत नसते. फाटकापासून पायऱ्यांपर्यंतचे अंतर, झाडांआडून हळूहळू दिसू लागणारा दर्शनी भाग आणि वर निर्वेध आकाश, हे सारे त्या वास्तूचेच अवयव असतात. आवार विकून केवळ इमारत राखणे म्हणजे चौकट सोन्याने मढवून चित्र पुसून टाकणे होय.

अर्थात, 100 मीटरची सरसकट रेषा हा आदर्श उपाय नव्हे. लहानशा घुमटीला आणि भव्य प्रासादाला एकच माप लावल्याने शेजारच्या सामान्य घरमालकांची कोंडी होते. प्रत्येक स्मारकासाठी स्वतंत्र उपविधी करावेत, असे कायद्यातच म्हटले आहे; ते काम मात्र अत्यंत संथ गतीने चालले आहे. दुसऱ्या बाजूने, केंद्राच्या प्रकल्पांना निषिद्ध क्षेत्रात मुभा देणारे विधेयक जानेवारी 2018 मध्ये लोकसभेने संमत केले होते. ते राज्यसभेत अडले. तसा प्रयत्न पुन्हा होणारच नाही, असे कोणी समजू नये. जुने गोवे येथे व्हाइसरॉयच्या कमानीनजीकच्या बांधकामावरून लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा हीच 100 मीटरची रेषा त्यांच्या हाती होती.

गोव्यातील बहुतांश जुन्या घरांपाशी तेवढीही ढाल नाही. पणजीच्या फोंताइन्हाससारख्या वसाहतींना नगरनियोजनात संरक्षण क्षेत्राचा दर्जा आहे. परंतु चांदर, लोटली येथील बलकांव आणि शिंपल्यांच्या तावदानांची घरे किंवा अंत्रुजमहालातील राजांगणाची घरे खासगी मालकीची आहेत. त्यांतून गांधीजी राहिले नाहीत, म्हणून ती राष्ट्रीय स्मारके होणार नाहीत. गोव्याच्या नागरी कायद्यानुसार मुलगे आणि मुली दोघांनाही वारसाहक्क असल्याने एकेका घराचे अनेक वाटेकरी होतात, त्यांतले कित्येक परदेशी असतात. छप्पर शाकारण्यासाठी सर्वांची संमती मिळत नाही. विकण्यासाठी मात्र ती लवकर मिळते. आधी कुळागर किंवा मागचे परसू जाते, मग घर पोरके होते.

म्हणून सरकारने केवळ दर्शनी भागाची छायाचित्रे जमवून वारसायादी पूर्ण झाल्याचे समाधान मानू नये. प्रत्येक घरासोबत त्याचे आवार, वृक्ष, विहीर आणि रस्त्यावरून दिसणारे दृश्य यांची नोंद व्हावी. जे मालक ते राखतील त्यांना घरपट्टीत सवलत आणि डागडुजीसाठी साहाय्य मिळावे. वारसा सर्वांचा आणि खर्च एकट्याचा, ही व्यवस्था फार काळ टिकणार नाही. पुण्यात मेट्रो वळली, कारण वास्तूचे मोल रूळ पडण्याआधी कागदावर उतरले होते. आपल्याकडे ते कागदावर उतरण्याआधीच यंत्रे फाटकाशी येऊन उभी राहतात.