श्रमदानासाठी समुद्रापार कशाला?



शालेय सेवा-सहली, म्हणजे अभ्यासाला श्रमदानाची जोड देणारे प्रवास, श्रीलंकेसारख्या उष्णकटिबंधीय बेटावरच फलदायी ठरतात, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे प्रतिपादन मावळात तरी टिकत नाही. 1969 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत दत्तक गावी सात दिवसांचे निवासी शिबिर भरते आणि त्या गावाशी पुढेही संबंध राखणे अपेक्षित असते. परदेशी सहलीला हेच सातत्य (विमानभाडे सोडाच) परवडत नाही. मात्र 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या मावळातल्याच लोहगड किल्ल्यावर उत्साहाने तट रचणेही गैरच, कारण संरक्षित स्मारकाची डागडुजी पुरातत्त्व खात्याच्या परवानगीविना करता येत नाही. तेथे विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतो तो पर्यटकांचा प्लास्टिक कचरा, आणि पावसाळी गर्दीनंतर तो कोणत्याही शिबिराला पुरून उरतो.

— एक वाचक, लोणावळा