पासवर्डचे कुलूप बदलले, पण सर्वांसाठी नाही

जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळांचा कारभार ज्या ‘वर्डप्रेस’ प्रणालीवर चालतो, तिने एप्रिल २०२५ मधील ६.८ या आवृत्तीत पासवर्ड पडताळणीची पद्धत बदलली. २००८ पासून वापरात असलेली ‘एमडी ५’वर आधारित रचना मागे पडून ‘बीक्रिप्ट’ आले. हे तंत्र १९९९ चे. पीएचपी भाषेत ते २०१३ पासून आयते उपलब्ध होते. जुन्यापुराण्या सर्व्हरवरही प्रणाली चालावी, या आग्रहाची ही किंमत म्हणावी लागेल.

संकेतस्थळ मूळ पासवर्ड साठवत नाही, त्याचे गणिती रूप साठवते. माहितीसाठा चोरीला गेला, तर चोर एकेक अंदाज त्या रूपाशी ताडून पाहतो. एमडी ५ वेगवान असल्याने हे काम स्वस्तात उरकते. बीक्रिप्ट प्रत्येक अंदाज मुद्दाम संथ करते. त्याची एक अडचण होती. ते केवळ पहिले ७२ बाइट पाहते आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही, तीन बाइट घेते. म्हणजे मराठी वाक्याचा पासवर्ड २४ चिन्हांनंतर निरर्थक ठरला असता. वर्डप्रेसने पासवर्डवर आधी ‘शा-३८४’ प्रक्रिया करून हा पेच सोडविला आहे.

खरी मेख वेगळीच आहे. पडताळणीचे मूळ फंक्शन बाजूला सारून स्वतःचे बसविण्याची मुभा वर्डप्रेस देते. जुन्या सभासद-यादीतील पासवर्ड नव्या संकेतस्थळावर चालावेत, अशा रास्त गरजेपोटी ती वापरली जाते. मात्र, असा बदल केलेल्या ठिकाणी आवृत्ती अद्ययावत करूनही पडताळणी जुन्याच पद्धतीने सुरू राहते. बदल करणारा कंत्राटदार निघून गेला असेल, तर संस्थेला त्याचा पत्ताही नसतो.

जेथे असा फेरफार नाही, तेथेही नवे रूप तयार होते ते वापरकर्त्याने पुन्हा लॉगिन केल्यावरच. मूळ पासवर्ड प्रणालीला त्याच क्षणी दिसतो. नोकरी सोडून गेलेल्या संपादकाचे किंवा प्रशासकाचे खाते तोवर जुन्याच कुलपात राहते, आणि अधिकार बहुधा त्याच खात्याकडे सर्वाधिक असतात. अशी खाती बंद करणे, निदान त्यांचे अधिकार काढून घेणे, हे काम कोणतीही नवी आवृत्ती आपणहून करीत नाही.