राजस्थानच्या खाणींत आजारालाही जात. मदतीइतकेच धूळ रोखणेही निकडीचे

जयपूर : राजस्थान सरकारने ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीर केलेल्या न्यूमोकोनिओसिस धोरणामुळे सिलिकोसिसग्रस्त कामगारांना आर्थिक मदतीची निश्चित चौकट मिळाली. आजार प्रमाणित झाल्यावर तीन लाख रुपये, रुग्णाच्या मृत्यूनंतर वारसांना दोन लाख रुपये आणि दरमहा निवृत्तिवेतन, अशी तरतूद त्यात आहे. मात्र ही मदत मिळते ती फुप्फुसे निकामी होऊ लागल्यावर. आजार मुळात विशिष्ट समाजघटकांच्याच वाट्याला का येतो, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

वालुकाश्म फोडताना, त्याला छिद्र पाडताना किंवा त्यावर कोरीवकाम करताना उडणारी सिलिकायुक्त धूळ श्वासावाटे शरीरात जाते. तिचे सूक्ष्म कण फुप्फुसांत रुतून बसतात आणि तेथील ऊती हळूहळू कठीण होतात. या आजारावर औषध नाही. तो टाळणे मात्र शक्य आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार राजस्थानच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे १७.८ टक्के, तर अनुसूचित जमातींचे सुमारे १३.५ टक्के आहे. करौली, धौलपूर, जोधपूर आणि बुंदी परिसरातील दगडखाणींत मात्र दलित व आदिवासी मजुरांचा भरणा मोठा आहे. सिरोही जिल्ह्यातील पिंडवाडा येथे मंदिरांसाठी दगड कोरणाऱ्यांमध्येही आदिवासी तरुण मोठ्या संख्येने आहेत. जमीन नाही, शिक्षण अपुरे आणि डोक्यावर ठेकेदाराच्या उचलीचे कर्ज, अशी अनेकांची स्थिती असते. बाप अंथरुणाला खिळला की उचल फेडण्यासाठी मुलगा त्याच खाणीत उतरतो. अशा रीतीने व्यवसायाबरोबर आजारही वारशाने चालत येतो.

अमेरिकेच्या इतिहासातही याचे ठळक उदाहरण आहे. १९३०च्या दशकारंभी वेस्ट व्हर्जिनियातील हॉक्स नेस्ट बोगद्याच्या खोदकामात शेकडो मजूर सिलिकोसिसने दगावले. बोगद्याच्या आत काम करणाऱ्यांत कृष्णवर्णीय बहुसंख्य होते. धुळीला वर्ण कळत नाही. धुळीत कोणी उभे राहायचे, हे मात्र वर्णाने ठरवले होते. राजस्थानात ते जातीने ठरते.

कायदा नाही, असे नाही. कायद्यानुसार सिलिकोसिस हा भरपाईस पात्र व्यावसायिक आजार आहे. परंतु हजेरीपटावर नावच नसलेल्या मजुराने मालकाविरुद्ध दावा कशाच्या आधारे करायचा? शिवाय खोकला, धाप आणि घटणारे वजन या लक्षणांमुळे अनेकांवर दीर्घकाळ क्षयरोगाचेच उपचार होत राहतात. निदान होईपर्यंत घरातील गुरे आणि दागिने विकले गेलेले असतात.

ही कोंडी फुटू लागली ती पीडितांच्या संघटनांमुळे. जोधपूरचे माइन लेबर प्रोटेक्शन कॅम्पेन आणि करौलीतील डांग विकास संस्थान यांनी रुग्णांची माहिती गोळा केली, तपासणीसाठी पाठपुरावा केला आणि प्रश्न राष्ट्रीय मानवाधिकार आयोगापर्यंत नेला. सरकारी धोरणामागे या प्रयत्नांचे बळ आहे. गावपातळीवर आशा कार्यकर्ती, ग्रामसभा आणि कामगार संघटना यांनी खाणीत जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवली, तर लवकर निदानासह रोजगाराचा पुरावाही हाती राहील. क्षयरोगाच्या उपचारांनी गुण न येणाऱ्या मजुराला कामाचे स्वरूप विचारणे, ही तर विनाखर्चाची तपासणी आहे.

तरीही समाजाच्या प्रयत्नांना मर्यादा आहे. ड्रिल चालवताना पाण्याचा मारा करून धूळ जागीच बसवणे, कोरीवकामाच्या ठिकाणी धूळ शोषणारी यंत्रे लावणे आणि मजुरांची नियमित तपासणी करणे, ही जबाबदारी मालकांची आहे. ती पार पडते की नाही, हे पाहणे खाण सुरक्षा महासंचालनालयाचे व राज्य यंत्रणेचे काम आहे. सरकार मदत देत राहिले आणि मालक धूळ उडवत राहिले, तर नफा खासगी आणि आजाराचा खर्च सार्वजनिक, हेच समीकरण कायम राहील.

दगडाच्या कामावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेला वडार समाज महाराष्ट्रातही आहे. त्यामुळे राजस्थानचा हा अनुभव महाराष्ट्रालाही लागू पडतो. रुग्णांची नोंद आणि मदत ही आवश्यक सुरुवात आहे. परंतु मजुराचा मुलगा त्याच धुळीत उतरणार नाही, तेव्हाच आरोग्यातील ही विषमता कमी झाली असे म्हणता येईल.