उजनीच्या बॅकवॉटर काठच्या गावांचे निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब
यांच्या सेवेशी

विषय : भीमेतून उजनी जलाशयात येणारे सांडपाणी रोखणे, पाणी तपासणीचे अहवाल गावांना देणे व इतर मागण्यांबाबत.

संदर्भ : याच विषयावरील आमची यापूर्वीची सर्व निवेदने आणि गेल्या उन्हाळ्यातील बैठकीत आपल्या कार्यालयाने दिलेले लेखी आश्वासन.

महोदय,

खाली सह्या करणारे आम्ही शेतकरी, मच्छीमार व ग्रामस्थ हे निवेदन पुन्हा सादर करत आहोत. ‘पुन्हा’ लिहिण्याचे कारण आपल्या फायलीत आहेच. मागील प्रत्येक निवेदनावर ‘उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित’ असा शेरा पडला. कागद कोणाकडे अग्रेषित झाला आणि तिथून पुढे कुठे गेला, ते आम्हाला आजपर्यंत कळलेले नाही.

मुख्य गाऱ्हाणे पाण्याचे आहे. पवनेचे पाणी मुळेला मिळते, मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेत येते, इंद्रायणी त्याआधीच तुळापूरला आलेली असते. या नद्यांच्या काठच्या शहरांचे व कारखान्यांचे जे काही वाहते, ते शेवटी आमच्यापुढे येऊन थांबते, कारण इथे धरणाची भिंत आहे. वाहत्या नदीत घाण पुढे तरी जाते, जलाशयात ती मुरते. पाण्याला हिरवा तवंग येतो, काठाला रंगासारखा जाड थर साचतो आणि वारा पडला की घरात बसवत नाही असा वास सुटतो. मोटारीच्या फूटव्हॉल्व्हला जलपर्णी व शेवाळ अडकते. पाण्यात उतरून जाळे ओढणाऱ्यांच्या पायाला खाज सुटते ती पावसाळ्यापर्यंत जात नाही. शेवाळ कुजले की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि पहाटे मासे वर तोंड काढून तडफडतात. मरळ, वाम, शिंगटा जाळ्यात येणे दुर्मीळ झाले. उरली ती चिलापी, आणि तिलाही वासामुळे भाव पाडून मागतात.

हेच पाणी गावच्या नळाला येते. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली की पाणी शुद्ध झाले, असे बैठकीत आम्हाला सांगण्यात आले. ‘उकळून प्या’ असाही सल्ला मिळाला. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जातींचे विष उकळल्याने नाहीसे होत नाही, हे सल्ला देणाऱ्यांना ठाऊक असावे. आता ज्याला परवडते तो जारचे पाणी विकत घेतो. ज्याला परवडत नाही, तो तुरटी फिरवून तेच पितो. ज्यांच्या वाडवडिलांनी या धरणासाठी जमिनी आणि घरे सोडली, त्यांच्याच नातवंडांनी धरणाच्या काठावर पाणी विकत घ्यावे, याहून अधिक काय लिहावे? सोलापूर शहराला आणि पंढरपूरला येणाऱ्या वारकऱ्यांनाही याच साठ्यातले पाणी मिळते. निदान त्यांच्याकडे पाहून तरी विचार व्हावा.

पाऊसमान बिघडल्यापासून हा त्रास दुप्पट झाला आहे. धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी असून त्यातला ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा आहे. २०२३ च्या पावसाळ्यात धरण भरले नाही आणि २०२४ च्या उन्हाळ्यात साठा मृतसाठ्याच्याही खाली, उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेला. वरचे स्वच्छ पाणी आटते, शहरांचे सांडपाणी मात्र आटत नाही. ते दुष्काळातही तेवढेच येते आणि उरलेल्या तळातल्या पाण्यात मिसळते. २०२५ ला उलट झाले. मे महिन्यातच पाऊस कोसळला आणि ओढ्यानाल्यांत साचलेली घाण पहिल्या लोंढ्याबरोबर खाली आली. धरण किती टक्के भरले, याची बातमी रोज निघते. ते कशाने भरले, हे कोणी सांगत नाही.

लेखी आश्वासनात तीन गोष्टी होत्या. संयुक्त पाहणी महिनाभरात होईल, दर महिन्याला नमुने घेतले जातील आणि अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल. पाहणी एकदा झाली. अधिकारी आले, बाटल्या भरल्या, फोटो काढले, चहा घेतला. त्या बाटल्यांचे पुढे काय झाले ते विचारले असता ‘अहवाल प्रलंबित आहे’ एवढेच उत्तर मिळते. फलक अद्याप कोराच आहे. ग्रामपंचायतीने त्यासाठी नवीन फलक करून घेतला होता, हेही नम्रपणे नोंदवतो.

तरी, आधी घेतलेल्या नमुन्यांचे अहवाल, ते कसेही असोत, पंधरा दिवसांत गावाला द्यावेत. यापुढचे नमुने ग्रामस्थांसमोर घ्यावेत व त्यांत शेवाळाच्या विषाचीही तपासणी व्हावी. वरच्या शहरांतील मैलापाणी प्रकल्पांत किती पाणी येते आणि किती पाणी प्रक्रिया न होता नदीत सुटते, याचे आकडे दर महिन्याला जाहीर करायला लावावेत. प्रकल्पांच्या क्षमतेचे आकडे आम्हाला नकोत, ते पाठ झाले आहेत. नदी सुशोभित करण्यासाठी निधी मिळतो, तर ती स्वच्छ करण्यासाठी का मिळू नये, याचेही उत्तर मिळावे. आणि पाणी पिण्याजोगे ठरेपर्यंत गावांना शुद्ध पाण्याचा पर्यायी पुरवठा, विनामूल्य, सुरू करावा.

याखेरीज, यांत्रिक बोटींचा वाळूउपसा कायमचा बंद करावा. कारवाईत बोट बुडवल्याचा फोटो पेपरात येतो आणि थोड्याच दिवसांत दुसरी बोट पाण्यात उतरते. वडाप नावाच्या बारीक जाळ्यांनी होणारी मासेमारी थांबवावी. संपादित जमिनीवर मुरूम टाकून काठ बुजवणाऱ्यांवर कारवाई व्हावी. कळाशी-कुगाव दरम्यान २१ मे २०२४ रोजी बोट उलटून सहा जण गेले. त्यानंतर तरी प्रत्येक बोटीत जीवरक्षक जॅकेट असायला हवे होते.

पंधरा दिवसांत अहवाल न मिळाल्यास आम्ही कार्यालयासमोर धरणे धरू. पिण्यासाठी नळाचे पाणी सोबत आणू आणि चर्चेला बाहेर येणाऱ्या साहेबांना तेच देऊ. यात कोणाचा अवमान करण्याचा हेतू नाही, आम्ही पाहुण्यांनाही तेच देतो.

सोबत पूर्वीच्या निवेदनांच्या व लेखी आश्वासनाच्या प्रती जोडल्या आहेत. पोच देताना आवक क्रमांक टाकावा, ही विनंती. मागच्या वेळी नुसता शिक्का मिळाला आणि नंतर ‘असे निवेदन आवक नोंदवहीत दिसत नाही’ असे ऐकावे लागले.

आपले नम्र,
उजनी बॅकवॉटर काठचे शेतकरी, मच्छीमार व ग्रामस्थ
(सह्यांची यादी सोबत)