बिशप ‘त्यांचा’, प्रश्न आपला

‘तो प्रोटेस्टंट बिशप, त्याचे आपल्याला काय?’ व्ही. एस. अझराया यांचे नाव आम्ही काढले की आमच्याच धर्मग्रामांतून हा प्रश्न येतो. प्रश्न सोयीचा आहे. कारण अझराया जे मागून गेले, ते देणे आपल्याला जड जाते.

तिरुनेलवेली भागातील एका खेड्यात, अँग्लिकन धर्मगुरूच्या घरी १८७४ साली त्यांचा जन्म झाला. १९१० साली एडिनबर्गच्या जागतिक मिशनरी परिषदेत त्यांनी मिशनऱ्यांच्या त्यागाचे ऋण मान्य केले. परंतु हिंदी ख्रिस्ती माणसाला उपकारकर्ते पुष्कळ मिळाले, आता मित्र हवेत, असे त्यांच्या तोंडावर सांगितले. अनेकांना ते झोंबले. दात्याच्या हातात प्रेम असेल, पण याचकाशी बरोबरी नसते, हे त्या तरुणाने ओळखले होते.

१९१२ साली कलकत्त्यात त्यांचा अभिषेक झाला. अँग्लिकन पंथाचे ते पहिले भारतीय बिशप. निजामाच्या राज्यातील दोर्नकल येथे त्यांनी परकी तेलुगू आत्मसात केली आणि माला व मादिगा या अस्पृश्य लेखलेल्या जातींच्या वस्त्यांत आयुष्य वेचले. १९३९ साली तेथे उभे राहिलेले कॅथीड्रल देशी वास्तुशैलीचे आहे. १९४५ साली दोर्नकलमध्येच त्यांनी देह ठेवला.

यावर आमचे काही बंधू अभिमानाने सांगतात, ‘रोमने दिवाडीच्या मातेउश द कास्त्रो यांना १६३७ सालीच बिशप केले होते!’ खरे आहे. पण गोव्यातील पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांनी त्यांना मानले नाही, हेही सांगावे. मुंबईला पहिले भारतीय आर्चबिशप, व्हॅलेरियन ग्रेशियस, मिळण्यास १९५० साल उजाडले.

आता आपले धर्माधिकारी भारतीय आहेत. मैत्री झाली काय? नाताळात आदिवासी पाड्यावर आम्ही धान्य वाटतो. त्यांच्या घरी पानावर किती वेळा बसलो? एकाच वेदीवरून ख्रिस्तशरीर स्वीकारणारे आपण, सोयरीक जुळवताना पहिली चौकशी कशाची करतो? हा दोष केवळ प्रापंचिकांचा नव्हे. आम्ही धर्मगुरूही व्यासपीठावरून देतो आणि तेथूनच परततो.

पंथैक्याचा आदेश व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली दिला. जानेवारीतील ऐक्यप्रार्थनेपुरता तो पाळून भागणार नाही. वेगळ्या पंथातील बंधू जेव्हा आपले पाप दाखवतो, तेव्हा त्याचा पंथ विचारणे ही पळवाट आहे. येत्या नाताळात धान्याची पिशवी न्यावी. पण पाड्यावर जेवूनच परतावे.