आगीचा हप्ता आणि न पाहिलेले गोदाम

भिवंडीतल्या एखाद्या गोदामाचा आगीचा विमा उतरवायचा, तर हप्ता कशावरून ठरवायचा? आत कापड आहे की रसायनांची पिंपे, वायरिंग कधीचे, बंब दारापर्यंत येतो का, शेजारच्या गाळ्यात काय चालते, यावरूनच. एके काळी टॅरिफ अॅडव्हायझरी कमिटी देशभरासाठी हे दर ठरवी. धोक्याच्या मालाला जादा आकार, स्प्रिंकलर बसवणाऱ्याला सवलत. १ जानेवारी २००७ पासून दर खुले झाले. स्पर्धेत हप्ते कोसळले. ग्राहक खूश झाला खरा, पण इतक्या स्वस्त हप्त्यात पाहणीचा खर्च बसायचा कसा? मोठ्या कारखान्यात अभियंता जातो. छोट्या गाळेवाल्याकडे बहुधा नुसता फॉर्मच येतो.

त्यात आपली व्यापारी काटकसर! १ कोटीच्या मालावर ५० लाखांचाच विमा घेतला आणि २० लाखांचा माल जळला, तर 'अॅव्हरेज'च्या कलमानुसार हाती पडतात १० लाख. २०२१ मध्ये आलेल्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, निम्म्याची नव्हे. ही गोष्ट व्यापाऱ्याला कळते ती सर्व्हेअर राखेत उभा राहिल्यावर.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याने इमारतीतली यंत्रणा चालू असल्याचा दाखला जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. विमा कंपनीने तो मागावाच. शिवाय हप्ता ठरवण्यापूर्वी माणूस पाठवून नळ उघडून पाहावा. पाणी आले नाही, तर हप्ता वाढवावा किंवा विमा नाकारावा.